रोलच्या कॅमेऱ्यावरून डिजिटलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा हात एफएम१०, के१०००, झेनिट किंवा याशिका अशा रोलच्या कॅमेऱ्यांवर बसलेला आहे आणि ज्यांनी आता लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा घेतला आहे, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डीएसएलआर (आत आरसा असलेले) आणि मिररलेस (बिनआरशाचे) दोन्ही धरले आहेत; जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. अपर्चर, शटर सगळं येतं. मग नव्याने शिकायचं काय?

फार थोडं. एफ ८ म्हणजे एफ ८च आणि १/१२५ म्हणजे १/१२५च. भर उन्हात एफ १६ ठेवून शटर आयएसओच्या आकड्याएवढं लावायचं, हा जुना हिशोब आजही चुकत नाही. बदलतात त्या तीन गोष्टी. प्रकाश जास्त झाला तर निगेटिव्ह सांभाळून घ्यायची, सेन्सर घेत नाही (प्रश्न ५). दर फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे यायचा, सेन्सर मात्र तोच राहतो, म्हणून त्यावर धूळ साठते (प्रश्न १८). आणि धुण्या-छापण्याचं जे काम लॅबवाला मुकाट्याने करायचा, ते आता तुमच्याकडे आलं आहे (प्रश्न ९). पहिली सवय मोडायला सगळ्यात वेळ लागतो, कारण रोलवर ती चांगली सवय होती.

२. मेनू पाहूनच घाबरायला होतं. पहिल्या दिवशी नेमकं काय काय लावू?

तारीख-वेळ बरोबर लावा. पुढे फोटो शोधताना तीच कामाला येते. फोटोचा प्रकार ‘रॉ + जेपेग’ ठेवा (का ते प्रश्न ९ मध्ये). फाइलचे क्रमांक ‘सलग’ ठेवा, नाहीतर प्रत्येक नव्या कार्डावर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि एकाच नावाच्या दोन फाइली एकमेकींवर बसतात. फोकसचा बिंदू एकच, मधला. मोड अपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे अपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा लावतो. फोकसची टिकटिक बंद.

एक सेटिंग मात्र न विसरता बघा: कार्ड नसताना शटर चालू द्यायचं की नाही. ते ‘नाही’वर ठेवा. रोलची जीभ दात्यांत नीट न अडकल्याने अख्खं बारसं कोरं गेल्याची गोष्ट प्रत्येक गावात एक तरी असते. कार्ड घरी संगणकातच राहिलं आणि कॅमेरा मात्र खुशाल खटखट करत राहिला, ही त्याचीच नवी आवृत्ती.

बाकी मेनू महिनाभर उघडला नाही तरी काही अडत नाही.

३. बटण पूर्ण दाबते, तरी कधी फोटो निघतच नाही, कधी उशिरा निघतो. कॅमेरा खराब आहे का?

बहुधा नाही. या बटणाला दोन टप्पे आहेत. अर्ध्यावर दाबलं की कॅमेरा फोकस करतो, पूर्ण दाबलं की शटर उघडतं. जुन्या सवयीने एकदम खाली दाबलं तर फोकस शोधण्यातला सगळा वेळ त्या एका दाबात येतो आणि उशीर वाटतो. फोकस मिळालाच नाही तर सिंगल फोकसमध्ये बरेचसे कॅमेरे शटर उघडायलाच नकार देतात. पांढरी भिंत, अंधार, लेन्सला फार जवळ असलेली वस्तू, ही तिथली नेहमीची कारणं. अर्ध्यावर दाबून थांबा, ठिपका किंवा चौकट हिरवी झाली की बोट खाली न्या. फोकस मिळूनही अडत असेल तर सेल्फ टायमर चालू राहिलाय का, कार्ड भरलंय का आणि कार्डाच्या कडेची छोटी लॉकची खिट्टी खाली सरकलीय का, ते बघा.

४. आयएसओ किती ठेवायचा? पूर्वी १००, २०० नाहीतर ४०० चा रोल घातला की प्रश्न संपायचा.

आता तो दर फोटोला बदलता येतो, आणि बदलावाच. उन्हात १०० किंवा २००, सावलीत व अंगणात ४००, ट्यूबलाइटच्या खोलीत १६०० ते ३२००. गेल्या दहाएक वर्षांतल्या कॅमेऱ्यांवर १६०० चा फोटो ४०० च्या रंगीत रोलपेक्षा स्वच्छ दिसतो, त्यामुळे आकड्याला घाबरून १/१५ वर हललेला फोटो काढण्यात काहीच शहाणपण नाही.

मॅन्युअलचा हात असलेल्यांना ऑटो आयएसओ आवडत नाही, पण त्याला दोन लगाम घालता येतात: जास्तीत जास्त आयएसओ (३२०० किंवा ६४००) आणि कमीत कमी शटर (माणसं असतील तर १/१२५). मग कार्यक्रमात अंगणातून माजघरात शिरताना काहीच फिरवावं लागत नाही.

५. आकाश पांढरं फट्ट येतं, पांढऱ्या सदऱ्यावर सुरकुतीही दिसत नाही. निगेटिव्हवर असं कधी झालं नव्हतं.

कारण निगेटिव्हवर तुम्ही थोडं ओव्हरच काढत होता, आणि ते बरोबर होतं. रंगीत निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त प्रकाश पचवायची. उजेड वाढेल तशी तिची घनता हळूहळू वाढत जायची, एकदम तुटायची नाही. प्रकाश कमी पडला की मात्र सावल्या मातकट व्हायच्या. म्हणून ४०० चा रोल मीटरवर २०० लावायचा, ‘सावलीला मोजा’ असं म्हणायचं.

सेन्सरचं उलट आहे. त्यातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे पावसात ठेवलेलं भांडं समजा. काठापर्यंत भरलं की पुढचं पाणी वाहून जातं आणि किती वाहून गेलं ते कोणी सांगू शकत नाही. पांढरा झालेला भाग नंतर कितीही काळवंडला तरी राखाडी डागच मिळतो. सुरकुती तिथे नोंदलेलीच नसते. ज्यांनी कधी स्लाइड वापरली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिथेही अर्ध्या स्टॉपची चूक दिसायची.

करायचं एवढंच:

हायलाइटचा इशारा चालू करा. डीएसएलआरमध्ये फोटो बघताना जळालेला भाग लुकलुकतो. मिररलेसमध्ये फोटो काढण्याआधीच तिरपे पट्टे दिसतात. लुकलुकणारा भाग सूर्य, दिवा किंवा भांड्यावरची चमक असेल तर सोडून द्या. चेहरा, कपडा, ढग असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मोजमापात प्रकाश कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ करा आणि पुन्हा काढा.

सोबत हिस्टोग्रामचा आलेख ठेवा: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. उजवीकडच्या भिंतीला डोंगर चिकटला म्हणजे जळालं. डावीकडे चिकटला तर काळोख. मधला आकार कसा आहे याला महत्त्व नाही. काळ्या कातळाचा आलेख डावीकडेच असणार आणि मिठागराचा उजवीकडे.

स्क्रीन किती उजळ दिसतो यावर कधीही विश्वास ठेवू नका. उन्हात तो काळपट वाटतो, रात्री झगझगीत. आणि हा इशारा जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ घेत असाल तर अर्धा-एक स्टॉप हातचा शिल्लक असतो. त्या शिलकीच्या भरवशावर मात्र राहू नये.

६. मग सगळेच फोटो थोडे अंडर काढत जाऊ का?

नको. सावल्या नंतर उजळता येतात हे खरं, पण उजळताना त्यात रंगीत ठिपक्यांचा कचरा वर येतो, आणि तो रोलच्या दाण्यासारखा देखणा नसतो. ढगाळ दिवशी, जिथे उन्हाचा झोत नाही, तिथे उलट थोडं जास्त घेतलेलं चांगलं. आलेख उजव्या भिंतीला न चिकटता जितका जवळ जाईल तितका फोटो स्वच्छ. उणे करायचं ते जळण्याची भीती असेल तेव्हाच.

७. लाल शालू, कुंकू, गुलाल यांचा नुसता सपाट लाल गोळा होतो. हायलाइटचा इशाराही येत नाही. असं का?

ही खरी अवघड जागा, आणि आपल्याकडे ती सतत येते. सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरवा प्रकाश घेतात, पाव लाल आणि पाव निळा. साधा पांढरा हिस्टोग्राम या तिन्हींची गोळाबेरीज दाखवतो आणि त्यात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त. शालूवरून हिरवा प्रकाश जवळजवळ येतच नाही. त्यामुळे लाल वाहिनी (चॅनल, म्हणजे फक्त लाल रंगाची नोंद) तुडुंब भरून सांडत असते आणि आलेख मात्र मध्यावर शांत बसलेला असतो.

मेनूतून लाल-हिरवा-निळा असा तीन आलेखांचा पर्याय लावा आणि फक्त लालकडे बघा. शालूवर ऊन असेल तर उणे ०.७ ते उणे १ लागतं. पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘न्यूट्रल’ करा. व्हिव्हिड लाल आणखी फुगवतं. रॉ असेल तर संगणकावर आधी लाल रंगाचं सॅच्युरेशन उतरवा, मग उजळपणाला हात घाला. जरीचे काठ आणि बुट्टे बरेचदा त्यातून परत येतात. मिरवणुकीतल्या जांभळ्या-निळ्या एलईडी झोताखाली हाच प्रकार निळ्या वाहिनीत होतो.

८. हळदीच्या फोटोत हळद फिकी आणि चेहरे निळसर का येतात?

ऑटो व्हाइट बॅलन्समुळे. चौकटीत सगळीकडे पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो निळं ओततो. संध्याकाळचं सोनेरी ऊन ‘सुधारून’ दुपारचं करतो तोही हाच.

रोल बहुतेक दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे सुमारे ५५०० केल्व्हिनसाठी बनवलेला असायचा. उघड्यावर ‘डेलाइट’ लावून ठेवलं की रंग पुन्हा ओळखीचे वाटतात. पिवळं पिवळं राहतं. रंगीत कापडाच्या मांडवाखाली मात्र डेलाइटही पुरत नाही, कारण उजेडच कापडातून रंगून खाली येतो. तिथे पत्रिकेची मागची कोरी पांढरी बाजू नवरीच्या चेहऱ्याजवळ धरा, चौकट भरून तिचा फोटो घ्या आणि कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो निवडा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मांडवातून बाहेर आलात की परत डेलाइट करायला विसरू नका.

बल्बसाठी निळा ८०ए फिल्टर लावून दोन स्टॉप घालवायचे दिवस गेले. ‘टंगस्टन’ निवडलं की झालं.

९. रॉ कशाला? जेपेग सरळ प्रिंटला जातं की.

रॉ म्हणजे निगेटिव्ह, जेपेग म्हणजे लॅबने काढून दिलेली पोस्टकार्ड प्रिंट. प्रिंट चांगली असेल तर निगेटिव्ह कुणी बघत नाही, पण प्रिंट बिघडली की तीच लागते. आकड्यांत बोलायचं तर १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक वाहिनीच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. व्हाइट बॅलन्स चुकला असेल तर रॉमध्ये तो नुकसान न होता बदलतो.

रॉ उघडायला सॉफ्टवेअर लागतं. कॅमेऱ्याच्या कंपनीचं बहुधा फुकट मिळतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी हीसुद्धा मोफत आहेत. पहिले सहा महिने दोन्ही प्रकार एकत्र घ्या. जेपेग वापरत राहा आणि जळालेल्या, रंग चुकलेल्या फोटोंपुरतंच रॉ उघडा.

१०. माझी ५० ची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर इतकी जवळचं का दाखवते?

सेन्सर रोलच्या चौकटीपेक्षा लहान आहे म्हणून. ३५ मिमी फिल्मची फ्रेम ३६ × २४ मिमी. तुमचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी. लेन्स तेवढंच चित्र टाकते, पण मधलाच भाग नोंदला जातो. निकॉन, सोनी, फुजी, पेंटॅक्सला १.५ ने गुणा, कॅननला १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्सला २ ने. ५० ची झाली ७५. चेहऱ्यांसाठी छान, पण लग्नघरातल्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी माणसं मावत नाहीत. जुन्या ५० सारखी नजर हवी असेल तर ३५ मिमी घ्या. फुल फ्रेम, म्हणजे रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर हा प्रश्नच येत नाही.

११. घरात जुन्या लेन्स पडून आहेत. बसतील का?

कॅमेऱ्यानुसार उत्तर बदलतं, आणि एका बाबतीत चुकलं तर नुकसान होतं. म्हणून सविस्तर.

*निकॉन.* एफ माउंट १९५९ पासून तोच आहे, पण १९७७ आधीच्या, एआय (लावलेलं अपर्चर रिंगवरून कॅमेऱ्याला कळवायची यांत्रिक सोय) नसलेल्या लेन्स डी७२००, डी७५० यांसारख्या कॅमेऱ्यांवर जोर लावून बसवू नका. माउंटच्या कडेची बारीक खिट्टी मोडते. ओळख सोपी आहे: अपर्चर रिंगवरच्या धातूच्या ‘कानांना’ भोकं असतील आणि आकड्यांची दुसरी बारीक ओळ माउंटजवळ असेल तर लेन्स एआय आहे. अशी लेन्स वरच्या कॅमेऱ्यांवर बसवून मेनूत तिची फोकल लांबी आणि सर्वात मोठं अपर्चर भरलं की मीटरही चालतो. डी३००० आणि डी५००० मालिकेत ती खिट्टीच नाही, त्यामुळे लेन्स बसते. पण मीटर मुका, आणि एएफ-डी (बॉडीतल्या मोटरने फोकस होणाऱ्या) लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो, कारण बॉडीत मोटर नाही. डी७५०० मध्ये मोटर आहे पण खिट्टी नाही. निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यांच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही.

*कॅनन.* १९८७ नंतरच्या ईएफ लेन्स सगळ्या डिजिटल ईओएसवर चालतात, मिररलेसच्या आरएफ माउंटवर अडॅप्टरने, ऑटोफोकससकट. त्याआधीच्या एफडी लेन्स डीएसएलआरवर लावल्या तर दूरचा फोकस मिळत नाही: त्या फिल्मपासून ४२ मिमीसाठी बनल्या, ईएफचं अंतर आहे ४४. भिंग असलेला अडॅप्टर मिळतो, पण चित्र मऊ करतो. पैसे घालू नका. मिररलेसवर मात्र त्या साध्या अडॅप्टरने उत्तम चालतात.

*पेंटॅक्स.* के१००० वाल्यांची चैन आहे. पेंटॅक्सच्या डीएसएलआरवर लेन्स थेट बसते. मेनूत अपर्चर रिंग वापरायची परवानगी द्या, मोड एम (मॅन्युअल) ठेवा, रिंग हवी तिथे फिरवा आणि हिरवं बटण दाबा. कॅमेरा क्षणभर अपर्चर मिटवून शटर लावून देतो.

*झेनिटच्या आट्यांच्या एम४२ लेन्स.* कॅनन डीएसएलआर आणि कुठल्याही मिररलेसवर अडॅप्टरने चालतात, निकॉन डीएसएलआरवर दूरचा फोकस जातो.

मिररलेसवर कुठलीही जुनी लेन्स लावून शटर अडत असेल तर ‘लेन्स नसताना शटर’ हा पर्याय चालू करा. कॅमेऱ्याला ती लेन्स दिसतच नसते.

लेन्समध्ये बुरशीचं जाळं दिसत असेल तर आधी प्रश्न १९.

१२. व्ह्यूफाइंडरमध्ये मधलं दुभंगलेलं वर्तुळ नाही. हाताने फोकस कसा समजायचा?

डीएसएलआरच्या काचेवर नुसत्या डोळ्याने विसंबू नका. ती काच उजळपणासाठी बनवलेली असते, एफ १.८ वर लेन्स असली तरी साधारण एफ २.८ एवढी खोली दिसते, म्हणून चित्र जुळल्यासारखं वाटतं आणि फोटोत नाक स्पष्ट, डोळे पुसट येतात. खाली कोपऱ्यात फोकसचा ठिपका पेटतो त्यावर चाला. वेळ असेल तर लाइव्ह व्ह्यू लावून दहापट मोठं करा. मिररलेसमध्ये कडा रंगवणारं फोकस पीकिंग असतं. पटकन काढायला ते चांगलं, पण मोठ्या अपर्चरला फसवतं. तिथेही मोठं करून बघणंच खरं.

१३. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर फोटो हललेले दिसतात. माझा हात तर स्थिर आहे.

हात तोच आहे, तुम्ही बघताय जवळून. ४ × ६ इंची प्रिंटमध्ये न दिसणारा हादरा २४ मेगापिक्सेलच्या शंभर टक्क्यांवर लपत नाही. ‘फोकल लांबीएवढं शटर’ हा नियम दुप्पट कडक करा: ५० ला १/१०० किंवा त्याहून जलद.

निसर्गदृश्य एफ २२ वर घ्यायची सवयही सोडा. एपीएस-सीवर एफ ११ च्या पुढे प्रकाश अपर्चरच्या कडांवर पसरतो आणि सगळं चित्र किंचित मऊ होतं. एफ ८ पुरे. ट्रायपॉडवर बटणाच्या टोकात फिरवून बसवायची जुनी केबल बहुतेक कॅमेऱ्यांना बसत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा.

१४. जुना फ्लॅश वर लावला तर चालेल?

मोजल्याशिवाय लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कावर २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो. यांत्रिक कॅमेऱ्याला फरक पडायचा नाही, डिजिटलचं सर्किट जळू शकतं. नवे सेल घाला, फ्लॅश चालू करा, तयारीचा दिवा लागू द्या. मल्टिमीटर डीसीवर, मोठ्या रेंजला. लाल टोक पायाच्या मधल्या ठिपक्याला, काळं कडेच्या धातूच्या पट्टीला. ६ व्होल्टच्या आत आलं तर निश्चिंत राहा. त्याहून जास्त असेल तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा बघा, किंवा फ्लॅश वायरलेस ट्रिगरवर बाजूला लावा. अर्थात ट्रिगरची मर्यादाही बघूनच.

रोलच्या काळातला टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजणारा) फ्लॅश इथे मोजमाप करणार नाही, कारण ते मोजमाप फिल्मवरून परतणाऱ्या उजेडावर व्हायचं. नवा फ्लॅश आधी एक बारीक चमक सोडून मोजतो. काहींचे डोळे मिटलेले येतात ते त्या पहिल्या चमकेमुळे. स्टुडिओतले स्लेव्ह दिवेही तिनेच आधी उडून जातात. तिथे फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा.

१५. जुने फिल्टर टाकून द्यायचे का?

पोलरायझर ठेवा, पाण्यावरची आणि पानांवरची चमक सॉफ्टवेअरने काढता येत नाही. डीएसएलआरला तो सर्क्युलर हवा, लिनिअर असेल तर मीटर आणि फोकस चुकू शकतात. मिररलेसला दोन्ही चालतात. एनडी (प्रकाश कमी करणारा) आणि ग्रॅज्युएटेड एनडीही (अर्ध्या भागातच गडद) ठेवा. यूव्हीचं काम सेन्सरवरची काच करते, त्यामुळे तो फक्त लेन्सचं झाकण.

पिवळा, नारिंगी, लाल हे कृष्णधवलचे फिल्टर लावू नका. लाल फिल्टरने हिरवे आणि निळे पिक्सेल, म्हणजे पाऊण सेन्सर, उपाशी राहतात. त्याऐवजी रॉ घ्या आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा: स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं, फाइलमध्ये रंग शाबूत राहतात आणि आकाश किती काळं करायचं ते नंतर ठरवता येतं.

१६. रात्री ३० सेकंदांचा फोटो घेतला की कॅमेरा पुढे अर्धा मिनिट अडकून बसतो.

‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू आहे. कॅमेरा तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो शटर मिटून घेतो आणि त्यातले गरम पिक्सेल पहिल्यातून वजा करतो. एखाद्या फोटोला ठीक. आतषबाजीला किंवा ताऱ्यांना बंद ठेवा. आणि मीटरने १० सेकंद सांगितले तर १० च द्या. फिल्म मंदावते म्हणून वाढवून द्यायचा तक्ता सेन्सरला लागू नाही.

१७. हॉलमध्ये फोटोवर काळे-पिवळे आडवे पट्टे येतात.

भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मूक इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळी-ओळीने वाचतं, त्यात ती लुकलुक पट्ट्यांसारखी उमटते. मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. अमेरिकेतल्या मंडळाच्या गणपतीत काढत असाल तर तिथे वीज ६० हर्ट्झची, म्हणून १/६० किंवा १/१२५.

१८. सगळ्या फोटोंत आकाशात एकाच जागी करडा ठिपका आहे. लेन्स पुसली तरी जात नाही.

धूळ लेन्सवर नाही, सेन्सरवर आहे. खात्री करायला एफ २२ लावून पांढऱ्या भिंतीचा फोकस नसलेला फोटो घ्या. आधी मेनूतली सेन्सर क्लीनिंगची थरथर दोन-तीनदा चालवा. नाही गेली तर बॅटरी पूर्ण भरा, डीएसएलआरमध्ये ‘मिरर अप फॉर क्लीनिंग’ निवडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने चार फुंकरा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. दाबाच्या हवेचा डबाही नको, त्यातला द्रव काचेवर गोठतो. तेवढ्याने नाही गेलं तर ओल्या स्वॅबचं काम. एपीएस-सीला १६ मिमी, फुल फ्रेमला २४ मिमी रुंदीचा, एका दिशेने एकदा.

जेजुरीला भंडारा उधळत असताना किंवा गुलालात लेन्स अजिबात बदलू नये. एकच झूम लावून जा, बॉडी आणि लेन्सचा सांधा पिशवी व रबरबँडने झाका आणि घरी आल्यावर आधी ब्रश, मग कापड. हळदीची पूड ओल्या कापडाने पुसली की ती फटींत जाऊन बसते.

१९. कोकणात पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवू?

चामड्याच्या पिशवीत तर नाहीच; तिलाच पहिली बुरशी येते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला. ते तापवून पुन्हा निळे होतात, पण त्यात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. बुरशी आलेली जुनी लेन्स नव्या सामानाबरोबर एकाच डब्यात ठेवू नये. एसी खोलीतून बाहेर पडताना पिशवीची चेन अर्धा तास बंदच ठेवा, म्हणजे काचेवर दव धरणार नाही.

२०. बॅटरी एका दिवसात संपते. जुन्यात तर दोन छोटे सेल वर्षभर पुरायचे.

तिथे ते फक्त मीटर चालवत होते. मिररलेसला एका चार्जमध्ये ३००-४०० फोटो हेच सामान्य आहे; डीएसएलआरला त्याच्या दुप्पट-तिप्पट. एक जास्तीची बॅटरी घ्या. विमानात ती हातातल्या सामानात. एक्स-रेने कार्डाला काही होत नाही. न धुतलेला रोल सोबत असेल तर तो मात्र हातानेच तपासायला द्या.

२१. कार्ड किती मोठं घ्यावं? आणि चुकून फोटो उडाले तर?

२४ मेगापिक्सेलचा रॉ आणि जेपेग मिळून ४० एमबीच्या आसपास होतात. ६४ जीबीत सुमारे दीड हजार फोटो, म्हणजे छत्तीसचे चाळीस रोल. एका २५६ पेक्षा ६४ ची दोन बरी. जुना कॅमेरा असेल तर ३२ जीबीच्या वरचं कार्ड तो ओळखतो का ते आधी बघा. स्वस्तातलं कार्ड नकली निघू शकतं; एकदा पूर्ण भरून, सगळे फोटो उघडून पाहा.

फोटो संगणकावर उतरवून झाले की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तांबडा दिवा लुकलुकत असताना कार्ड काढू नका. चुकून फॉरमॅट झालंच तर तिथेच थांबा, त्या कार्डावर एकही नवा फोटो घेऊ नका. जुनी माहिती बहुधा तशीच असते; फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर ती काढून देतं.

२२. रोलमध्ये छत्तीसच होते. आता एका बारशाचे ८०० होतात, ते कुणी बघायचे?

त्याच रात्री एकदा वरून खाली जा आणि फक्त आवडलेल्यांना तारा द्या. वाईट शोधत बसू नका, त्यात रात्र जाते. ताऱ्यांपैकी ४० ठेवा. निगेटिव्ह पाकिटात घालून कपाटात टाकली तरी टिकायची. हार्ड डिस्क एक दिवस सुरूच होत नाही. म्हणून दोन वेगळ्या डिस्क, आणि तिसरी प्रत घराबाहेर.

२३. लॅबला कोणत्या साइजची फाइल द्यायची? डोकी का कापली जातात?

इंचाला ३०० पिक्सेल धरा. ४ × ६ ला १२०० × १८००, ८ × १२ ला २४०० × ३६००, १२ × १८ ला ३६०० × ५४००. करिझ्मा अल्बमच्या १२ × ३६ पानावर एकच फोटो पसरायचा असेल तर तो आडवा, भरपूर जागा सोडून घेतलेला हवा. रंग एसआरजीबीमध्ये द्या. अ‍ॅडोबी आरजीबी दिलं तर प्रिंट मरगळलेली येते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फोटो लहान होतो.

डोकी कापली जातात ती आकाराच्या प्रमाणामुळे. ३:२ चा फोटो ४ × ६ आणि ८ × १२ मध्ये पूर्ण मावतो; ५ × ७ आणि ८ × १० मध्ये लांबीकडून कापला जातो. ४:३ चा सेन्सर असेल तर ४ × ६ मध्येच कापला जातो.

२४. जुन्या निगेटिव्ह याच कॅमेऱ्याने कॉपी करता येतील का?

येतात, आणि साध्या फ्लॅटबेड स्कॅनरपेक्षा बऱ्या येतात. मॅक्रो लेन्स लागते: फुल फ्रेमला १:१, एपीएस-सीला साधारण ०.६५ पुरे. एलईडी पॅनेल चांगल्या रंगाचा घ्या आणि निगेटिव्ह त्याच्यापासून तीन-चार सेंमी वर धरा, म्हणजे पॅनेलवरचे ठिपके फोकसमध्ये येणार नाहीत. निस्तेज बाजू लेन्सकडे. चित्र उलटं येईल ते नंतर आडवं पलटवा. कॅमेरा समांतर आहे का हे बघायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्स स्वतःच्याच प्रतिबिंबाच्या बरोबर मध्यावर दिसली पाहिजे.

आयएसओ १००, एफ ८, रॉ, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले दिवे बंद. फ्रेमच्या कडेची थोडी कोरी नारिंगी पट्टी चौकटीत राहू द्या. व्हाइट बॅलन्स तिच्यावर लावला की नारिंगी झाक जाते आणि मग कर्व्ह उलटा करायचा. निगेटिव्ह पाकिटाला चिकटल्या असतील तर ओढू नका. आधी नको असलेल्या एका पट्टीवर, साध्या खोलीच्या तापमानाच्या पाण्यात भिजवून, सुटते का ते पाहा.